मागच्या दाराचा हवालदार

मुळशी,
१२ जानेवारी २०२५

चि. शुभांगीस हैबतकाकाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत, तुझी काकू तर जरा जास्तच. फोनवर मला काही ऐकू येत नाही, आणि माझ्या रोहितने आणलेलं कानातलं यंत्र लावलं की भांड्यांच्या दुकानात बसल्यासारखं होतं. म्हणून पोस्टमनला कामाला लावलंय.

काम तुझ्याकडेच आहे. तुझा बाप असता तर त्याला सांगितलं असतं, पण माझा धाकटा भाऊ माझ्याआधी जायची घाई करून बसला. चैत्र वद्य पंचमीला, म्हणजे आपल्या सुभानजींच्या तिथीला, सोनजाईगडावर त्यांच्या नावाचा दगड बसवायचा आहे. काळा दगड आणून ठेवलाय. अक्षरं कोरायला पाथरवट तयार आहे. मजकूर तू लिहायचास. तू शाळेत इतिहास शिकवतेस, मोडी वाचतेस, मग घरच्या कामाला बाहेरचा माणूस कशाला?

तुला ठाऊक आहे तरी सांगतो. बाप तापाने गेला म्हणून सुभानजी एकोणिसाव्या वर्षी गडाचे हवालदार झाले. तुझ्या सूसच्या सोसायटीतल्यांना समजावून सांग, त्या काळी हवालदार म्हणजे किल्ल्याचा मुख्य अधिकारी. नाहीतर ते चौकात शिट्टी वाजवणारा समजतील. हुद्दा मिळाला तरी पोरगा स्वतः पाण्याच्या टाक्यात उतरून गाळ काढायचा. मोगलांनी वेढा घातला, दोन महिने गड लढला, आणि एकविसाव्या वर्षी सुभानजी महादरवाजात, गनिमाच्या तोंडावर, अंगावर अकरा घाव घेऊन पडले. 'महादरवाजात' हा शब्द ठळक यायला हवा. धरणापलीकडचा भिवाजी पाटील त्याचं सगळं गाव घेऊन येणार आहे. त्याला तो शब्द लांबून वाचता आला पाहिजे.

सोबत घराण्यातल्या जुन्या कागदाची झेरॉक्स पाठवतोय. वरचा भाग आहे. महत्त्वाचं तेवढंच आहे.

रोहितचं नवं घर छपरापर्यंत आलं. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना दोन खोल्या देणार म्हणतोय. नकाशावाल्याने स्वयंपाकघराला मागचं दार काढलं होतं. मी खोडरबर घेऊन पुसलं. हवालदारांच्या घराला मागचं दार नसतं, हे त्या शहाण्याला कोण सांगणार!

तुझा काका,
हैबतराव


सूस,
२५ जानेवारी २०२५

तीर्थरूप काकांना नमस्कार. काकूला दोनदा, कारण तिला नव्या घरातही खरकटं पाणी टाकायला पुढून वळसा घालावा लागणार आहे.

कागद वाचला. आपल्याच घरात एवढी वर्षं हा पडून होता आणि मी सुटीच्या दिवशी दुसऱ्यांचे कागद वाचत हिंडते! अक्षर सुरेख आहे. गडाचं पाणी सरल्याचं लिहिलंय. वर गडकऱ्यांची बायकापोरं होती, आसऱ्याला आलेले धनगर होते, त्यांची मेंढरं होती. मग लिहिलंय, 'दरवाजा पडला. तेसमयी' आणि तिथे तुमची झेरॉक्स संपते.

काका, 'तेसमयी' वर कुणी पत्र संपवत नाही. कागदाला घडी घालून वरचा भागच मशीनवर ठेवलाय, घडीची काळी रेघसुद्धा उमटली आहे. खालचा भाग पाठवा, मग मी तुम्हाला असा मजकूर लिहून देते की भिवाजीकाका चष्मा न लावता वाचतील.

आणि एक विचारू का? लहानपणी मागच्या दाराबद्दल विचारलं की आई म्हणायची, लक्ष्मी निघून जाते. शेजारच्या सगळ्या घरांना मागची दारं होती आणि त्यांच्या लक्ष्म्या चांगल्या टिकून होत्या. आपल्याच घराण्यात ही रीत का?

तुमची,
शुभांगी


मुळशी,
५ फेब्रुवारी २०२५

चि. शुभांगीस आशीर्वाद.

खालचा भाग वाळवीने खाल्ला. रीत म्हणजे रीत, तिला कारण विचारायचं नसतं. पाथरवट रोज छिन्नीला धार लावून बसतोय, त्याचा तरी विचार कर. चार ओळी लिहायच्या तर तू विहीर खणायला निघालीस.

रोहितच्या मुलीची पाचवी झाली. नाव किमया ठेवणार म्हणतात. गडाखालचा नाथा धनगर कुणाकडून तरी ऐकून आलाच, नेहमीप्रमाणे घोंगडीचा वीतभर तुकडा घेऊन. आपल्याकडे मूल झालं की हे लोक तो तुकडा आणतात, पाळण्यात ठेवतात, आणि आपण पायलीभर तांदूळ घालायचे. माझ्या बापाच्या आधीपासून चालू आहे. तांदूळ मिळतात म्हणून येत असतील, दुसरं काय? सूनबाई म्हणाली, लोकर बाळाला टोचेल. मी म्हटलं, राहू दे दिवसभर, नंतर काढ.

मजकूर आठ दिवसांत पाठव. 'महादरवाजात' विसरू नकोस.

हैबतराव


सूस,
२२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप काका, नमस्कार.

आधीच सांगते, रोहितवर ओरडू नका. मीच त्याला तुमची कागदांची पेटी उघडायला लावली. त्याने अख्ख्या कागदाचा फोटो काढून पाठवला. वाळवी कागदाच्या आसपासही फिरकलेली नाही.

घडीच्या खाली फक्त दोन ओळी आहेत. 'माणसे मागील दारे उतरली. सुभानजी हवालदार मागील दारी कामास आले.' मागील दार म्हणजे गडाचा चोरदरवाजा. कामास आले म्हणजे मारले गेले, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हाला काहीच सांगायला नको, काका. घडी कुठे घालायची हे ज्याला बरोबर ठाऊक असतं, त्याने खालचं वाचलेलं असतं.

मी 'महादरवाजात' लिहिणार नाही. वर्गात चाळीस पोरांना सांगते, पुराव्याशिवाय बोलू नका, आणि घरच्या दगडावर पुराव्याच्या उलट लिहू? दगड तीनशे वर्षं टिकेल. तेवढी वर्षं माझं खोटं टिकायला नको.

तुम्ही रागावणार, हे माहीत आहे. रागवा, पण उत्तर द्या.

शुभांगी


मुळशी,
३० मार्च २०२५, गुढीपाडवा

चि. शुभांगी,

महिनाभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. आज गुढी उभारली आणि काकू म्हणाली, "पोरीला लिवा आता, लई झालं." म्हणून लिहायला बसलो.

मी वाचलंय ते. वीस वर्षांचा असताना बापाने एका ब्राह्मणाकडून वाचून घेतलं, मला समोर बसवून. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला. म्हणाला, "ह्यो जपायचा. पर कुणाला दाखवायचा न्हाई." त्या दिवशी मला कळलं की लोक जे बोलतात त्याला कागदाचा आधार आहे. माणसं मागच्या दाराने पळाली, आणि त्यांच्या मागोमाग निघालेला आपला सुभानजी दारातच मारला गेला. असाच अर्थ होतो ना त्या दोन ओळींचा? आमच्या वाडवडलांनी तोच लावला.

तू शहरात वाढलीस, तुला ते ऐकावं लागलं नाही. कबड्डीत मी चढाई करून मध्यरेषेकडे पळालो की पलीकडची पोरं ओरडायची, "हवालदार, मागचं दार उघडं हाय बगा!" माझ्या लग्नात भिवाजीने मांडवाच्या मागच्या बाजूला मुद्दाम वाट मोकळी ठेवली होती. "लागंल पावन्याला," म्हणाला, आणि सगळा मांडव हसला. तुझी काकू त्या दिवशी नवी नवरी होती. ती पण खाली मान घालून बसली, आणि मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं.

म्हणून आपल्या घरांना मागचं दार नाही. कुणा पूर्वजाने शपथ घेतली, पुन्हा हवालदाराचा पाय मागच्या दारातून बाहेर पडणार नाही. गडाच्या चोरदरवाजाकडेही आपल्यातलं कुणी कधी जात नाही. मी बहात्तर वर्षांचा झालो, मी पण पाहिला नाही. तिथीला महादरवाजात नारळ फोडायचा आणि खाली यायचं.

खरं सांगू का? मला त्याचा राग कधीच आला नाही. एकवीस वर्षांचं पोर ते. आपला रोहित एकविसाव्या वर्षी मोटारसायकलवरून पडला तर आईला हाका मारत होता. दरवाजा फुटला, समोर फौज, घाबरला असेल. माणूस आहे. पण घाबरला म्हणून दोन महिने लढला ते खोटं ठरतं का? मी मनातून त्याला केव्हाच माफ केलंय. फक्त दगडावर लिहवत नाही.

तू 'महादरवाजात' लिहू नकोस. 'मागच्या दारात' पण लिहू नकोस. नुसतं 'गडावर पडले' असं लिही. एवढं काकासाठी कर. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

हैबतराव


सूस,
८ एप्रिल २०२५

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी रडले. मग रविवारी गाडी काढली, रोहितला घेतलं आणि गडावर गेले. महादरवाजाकडून नाही. ताम्हिणीच्या अंगाला, रानातून जी वाट चोरदरवाजाखाली जाते, तिकडून. नाथाची मुलगी उत्कर्षा वाट दाखवायला आली. कॉलेजात आहे, चुणचुणीत आहे, आणि खडकात माझ्यापेक्षा दसपट वेगाने चालते.

आता मी जे पाहिलं ते क्रमाने सांगते. घाई करून पुढचं वाचू नका.

खडकात कोरलेल्या साठेक पायऱ्या आहेत. इतक्या अरुंद की एका वेळी एकच माणूस उतरेल, तोही कड्याला चिकटून. वर चोरदरवाजा. वाकून आत जावं लागतं. आत पाऊल टाकलं की डाव्या हाताला एक वीरगळ आहे, कमरेएवढा. ढाल-तलवार घेतलेला माणूस कोरलाय. त्याला ताजा भंडारा लावलेला होता, काका. ताजा पिवळाधमक. पुढ्यात दुधाची वाटी होती.

मी उत्कर्षाला विचारलं, हे कोण करतं? ती म्हणाली, "आमीच. गडाखाली मेंढरांचा वाडा असला की रोज, नसला की आठवड्याला." आणि तिने आजीला हाक मारली. तुकाबाई, नाथाची आई, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत पायऱ्या चढून आली. तिने सांगितलेलं मी तिथेच वहीत उतरवून घेतलं. तिच्याच शब्दांत देते.

"ह्यो आमचा दारावरचा दादा. तुमच्याच घरातला, ठावं हाय आमाला. दरवाजा पडला तवा गडावर आमची मान्सं व्हती, मेंढरं व्हती, लेकुरवाळ्या बाया व्हत्या. पानी सपलं व्हतं. दादा म्हनला, तुमी उतरा, मी हाय हितं. ह्या वाटंनं एका येळी एकच मानूस उतरतुया, किती येळ लागंल बगा की. गडावरनं गनीम अंगावर येत व्हता आन ह्यो दारात उभा. सकाळधरनं दिवस कलंस्तवर. शेवटचं कोकरू खाली गेलं आन मग पडला."

मी विचारलं, आजी, लोक म्हणतात तो पळत होता. तिने काठी वीरगळाला लावली. "पळनाऱ्याचं त्वांड कुटं असतंया, बाई? खाली, पायऱ्यांकडं. ह्येचं कुटं हाय ते बगा."

गडाकडे आहे, काका. दगड मुद्दाम तसा बसवलाय. चेहरा आत, पाठ दाराला.

मी खोदून खोदून विचारलं. तिने आपला कागद पाहिलेला नाही, तिच्या घरात कुणी पाहिलेला नाही. पण पाणी सरलं, बायकापोरं, मेंढरं, दरवाजा पडला, माणसं मागच्या दाराने उतरली, सुभानजी तिथेच कामास आले, हे सगळं कागदातल्या क्रमाने तिच्या तोंडून आलं. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच सांगतात, तेव्हा मी वर्गात म्हणते, विश्वास ठेवा. उतरली ती माणसं पळालेली नव्हती. त्याने उतरवलेली होती. ज्या दोन ओळी आपण लाजेने दडवल्या, त्या त्याच्या मोठेपणाच्या होत्या.

थांबा, अजून आहे. "त्येची बायको पोटुशी व्हती," तुकाबाई म्हणाली. "तिला आमच्या मान्सांनी उतरवली. सातव्या दिशी आमच्या वाड्यात, मेंढरांच्या जाळीत बाळंत झाली. गुंडाळाया कापड न्हवतं, म्हून घोंगडी फाडली. तवापास्नं तुमच्यात पोर झालं की आमी तुकडा नेतुया. पयलं आमच्यात जलमलं, मंग बाकीची पन आमचीच की."

ज्याला आपण पायलीभर तांदूळ घालत आलो, त्याचा अर्थ हा आहे. आपण सगळे, तुम्ही, बाबा, मी, किमया, त्याच दारातून बाहेर पडलो म्हणून आहोत. मी म्हटलं, आजी, इतकी वर्षं कुणी आम्हाला सांगितलं का नाही? ती म्हणाली, "तुमी कवा इचारलं? तांदूळ दिलं, आमी घेतलं."

माझी मान खाली गेली.

जाताना रोहितने विचारलं, दादा कसा होता? म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. "आमच्या एडक्याला लई भ्यायचा म्हनं. एकदा धडक देऊन पाडला हुता त्येला समद्या गडासमोर. एडक्याला भ्यायचा, पर मोगलाला न्हाई भ्याला."

तुम्ही लिहिलंत ना, घाबरला असेल? घाबरत होता. एडक्याला.

'गडावर पडले' एवढंच लिहायचं असेल तर मी लिहून देते, तुमचा शब्द मोडणार नाही. पण दुसरा मजकूरही सोबत ठेवलाय. दगड तुमचा, नाव तुमच्या घराण्याचं. काय कोरायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
शुभांगी


मुळशी,
२० एप्रिल २०२५

चि. शुभांगीस अनेक अनेक आशीर्वाद.

ऐनवेळी तुला परीक्षेच्या कामाला धरून ठेवलं, त्या शाळेला काय म्हणावं! तू हवी होतीस. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

तुझं पत्र मी एकदा वाचलं, मग काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. ती उठली आणि गवंड्याकडे गेली. मला न विचारता. संध्याकाळपर्यंत नव्या घराच्या स्वयंपाकघराला मागून भोक पाडलेलं होतं. "आता चौकट तुमी आना," म्हणाली. आणली.

दुसऱ्या दिवशी नाथाच्या वाड्यावर गेलो. काय बोलायचं ते वाटेत दहादा घोकलं आणि तिथे पोचल्यावर एकही शब्द आठवेना. तुकाबाईसमोर वाकलो. ती म्हणाली, "दूध घेनार का?" घेतलं.

पाथरवटाला तुझा दुसरा मजकूर दिला. दगड त्या साठ पायऱ्यांवरून चढवला. रोहित, नाथा, त्याचा भाऊ धनाजी आणि पाच-सहा पोरं. दोर बांधून, एकेक पायरी. मीही चढलो. दोन ठिकाणी बसलो, पण चढलो. बहात्तर वर्षं ज्या दाराकडे पाठ करून जगलो, त्यात वाकून शिरलो.

वर सगळी जमली. भिवाजी घामाघूम होऊन आला, त्याच्यामागे त्याचं गाव. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "हैबता, महादरवाजा तिकडं राह्यला की. हितं कुटं आनलंस?" त्याची माणसं हसायच्या बेतात होती.

मी दगडावरचं फडकं काढलं आणि मोठ्याने वाचलं. मला माझाच आवाज ऐकू आला, म्हणजे बाकीच्यांना किती आला असेल बघ.

'सुभानजी हवालदार, वय एकवीस. गडाचा दरवाजा पडल्यावर यांनी या मागच्या दारात एकट्याने गनीम अडवला आणि गडावरची सर्व माणसे व मेंढरे खाली उतरवली. शेवटचे कोकरू उतरल्यावर येथेच पडले.'

मग म्हटलं, "भिवाजी, तू आयुष्यभर खरंच बोलत होतास. आमचा सुभानजी मागच्या दारातच मेला. आता त्याचं तोंड कुणीकडं हाय ते बग."

तो वीरगळापाशी गेला. दाराकडे पाहिलं, खाली कड्याकडे पाहिलं, परत दगडाकडे पाहिलं. मग पायातल्या चपला काढल्या आणि एका बाजूला ठेवल्या. त्याचं बघून त्याच्या सगळ्या गावाने काढल्या. शुभांगी, त्या चपलांचा ढीग बघून माझी छाती जी फुगली ती अजून खाली बसलेली नाही.

तिथीला पहिला मान दर वर्षी आपला. वीरगळावर पाणी घालायला मी तांब्या तुकाबाईपुढे धरला. म्हटलं, आजवर तुम्ही सांभाळलंत, पहिला मान तुमचा. तिने तांब्या घेतला नाही.

"आमचं रोजचं हाय," म्हणाली. "आज तुमी घाला. त्यो दारात उभा राहून तुमचीच वाट बगतुया. तीनशे वर्सांत पानी घालाया घरचं मानूस एक बी आलं न्हाई."

मी खाली बसलो. पाणी घातलं, कपाळ दगडाला टेकवलं आणि म्हटलं, "सुभानजी, उशीर झाला." हळू बोलता आलं असतं. मी मोठ्याने बोललो, सगळ्यांच्या देखत.

तुझा काका,
हैबतराव हवालदार